कचेरीतली अक्षरे आणि त्यांच्या जागा

मुक्ताईनगर तालुक्याच्या इतिहासातील सर्वांत प्रसिद्ध पत्र कोरे होते. तापी आणि पूर्णा यांच्या संगमावर, ज्या ठिकाणी आज यादवकालीन शैलीचे शिवमंदिर उभे आहे, तेथे वास करणाऱ्या चांगदेवांनी ज्ञानेश्वरांची कीर्ती ऐकून त्यांना पत्र लिहावयास घेतले; परंतु वयाने लहान आणि अधिकाराने थोर अशा त्या पुरुषास ‘चिरंजीव’ लिहावे की ‘तीर्थस्वरूप’ लिहावे याचा निर्णय न झाल्यामुळे त्यांनी मजकुरावाचूनच कागद आळंदीस रवाना केला, आणि तो हाती पडताच चौदाशे वर्षे जगूनही हा योगी कोराच राहिला असा शेरा मुक्ताबाईंनी मारला, अशी परंपरागत कथा आहे. त्या कोऱ्या कागदास ज्ञानेश्वरांनी पासष्ट ओव्यांचे उत्तर दिले, आणि मुक्ताबाई पुढे याच मुलखात, मेहूणजवळ तापीच्या काठी, अंतर्धान पावल्या असे वारकरी मानतात. एदलाबाद हे जुने नाव मागे पडून गाव मुक्ताईनगर झाले ते त्यांच्याच नावाने. कथेची ऐतिहासिक खातरजमा करण्याचे हे स्थळ नव्हे. मला तिच्यातील एवढेच महत्त्वाचे वाटते की योगसामर्थ्याने वाघावर बसणारा पुरुष मायन्यापाशी अडला.

मायना जाणणाऱ्या माणसांचा एक स्वतंत्र वर्ग पुढे कचेरीच्या आश्रयाने वाढला. खानदेश १८१८ साली इंग्रजी अमलाखाली आला आणि धुळे हे त्याचे मुख्य ठाणे झाले. १९०६ साली जिल्ह्याची पूर्व व पश्चिम अशी वाटणी होऊन एदलाबाद पूर्व खानदेशात, म्हणजे आजच्या जळगाव जिल्ह्यात, राहिले. अंमल बदलला तरी कचेरीची भाषा पुष्कळशी जुनीच होती. मामलेदार, शिरस्तेदार, अव्वल कारकून, बारनिशी, जमाबंदी, फेरफार, कैफियत, बरहुकूम ही शब्दसंपत्ती बहुतांशी पेशवाईतून चालत आली, आणि तिच्याबरोबर मोडी लिपीही आली. कागदाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत आधी रेघ ओढावयाची आणि मग हात फारसा न उचलता तिच्याखाली अक्षरे गुंफीत जावयाचे, या रीतीने लिहिणाऱ्या कारकुनाचे हत्यार म्हणजे बोरू. तो किती तिरपा तासावा, शाई किती दाट घोटावी, कागद मांडीवर कसा धरावा हे ज्याचे त्याने ठरवावे. सरकार मजकूर सांगे, हात मात्र कारकुनाचा असे. इतिहासाचार्य राजवाडे यांनी गावोगाव हिंडून जी दप्तरे जमविली, आणि १९२६ च्या अखेरीस धुळ्यासच त्यांचे निधन झाल्यावर ज्यांच्या जतनासाठी तेथे पुढल्याच वर्षी संशोधन मंडळ स्थापन झाले, त्या दप्तरांतील कागद चाळताना मजकुराआधी डोळ्यांत भरते ते हस्ताक्षरांचे वैविध्य. एकाच सुभ्यातील, एकाच साच्याच्या सनदा. पण लेखक बदलला की अक्षराचा चेहरा बदलतो.

मुंबई सरकारने १९१७ साली दप्तरात मोडीऐवजी बालबोध, म्हणजे देवनागरी, लिपी चालविण्याचा निर्णय केला. तो अमलात यावयास तीन तपे लागली, आणि गावकामगारांच्या हातून मोडी सुटली ती जवळजवळ स्वातंत्र्यानंतरच. या निर्णयामागे वाचनसुलभतेची कारणे होती, तशीच छपाईचीही होती. आणि छपाईच्या मागोमाग जे यंत्र यावयाचे होते त्याला तर मोडीचे गुंते मुळीच परवडणारे नव्हते.

ते यंत्र म्हणजे टंकलेखनयंत्र. अमेरिकेत शोल्स या मुद्रकाने शोधलेले आणि रेमिंग्टन या बंदुकांच्या कारखानदाराने १८७४ साली बाजारात आणलेले हे यंत्र रोमन लिपीच्या मापाने बेतलेले होते: सव्वीस अक्षरे, आकडे व विरामचिन्हे एवढे सामावले की काम भागले. देवनागरीचा संसार मोठा. निर्णयसागरच्या जावजी दादाजींनी सुबक टाइपाचा लौकिक मिळविला तो खिळ्यांच्या शेकडो घरांच्या जोरावर. ती संख्या आटोक्यात आणण्यासाठी खुद्द लोकमान्य टिळकांनी आपल्या व्यापांतून वेळ काढून खटपट केली. न्यूयॉर्कमध्ये राहून हरी गोविल यांनी १९३०च्या दशकात लायनोटाइप यंत्रावर देवनागरी बसविली. सावरकरांनी तर इ, ई, उ, ऊ ही स्वतंत्र चिन्हेच काढून टाकून अ लाच वेलांटी-उकार लावण्याचा, म्हणजे अि, अी, अु, अू असे लिहिण्याचा, पुरस्कार केला. या साऱ्या खटाटोपाचा रोख एकच होता: यंत्र लिपीस पुरे पडत नसेल तर लिपीने यंत्रापुरते व्हावे. आज तो विचार आपल्यास उफराटा वाटतो. पण ज्यांच्यासमोर चार डझनांच्या आतबाहेर कळांची लोखंडी चौकट उभी होती त्यांना दुसरा मार्ग कोणता होता?

या वादाचे शिखर म्हणजे १९५३ साली लखनौ येथे राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली भरलेली लिपिसुधारणा परिषद. तिने इतर गोष्टींबरोबर असा ठराव केला की ऱ्हस्व इकाराची वेलांटी व्यंजनाच्या डावीकडे न देता उजवीकडे, थोडी आखूड दांडी ठेवून, द्यावी. युक्तिवाद बिनतोड होता. उच्चारात आधी व्यंजन, मग स्वर. लेखनात मात्र आधी स्वराचे चिन्ह आणि मग व्यंजन. यंत्राला आणि मुलाला दोघांनाही हा व्युत्क्रम अवघड. पण समाजाच्या डोळ्याला ती आखूड दांडीची वेलांटी काही केल्या पचेना, दीर्घ आणि ऱ्हस्व यांचा घोटाळा होऊ लागला, आणि काही वर्षांत हा ठराव मागे घ्यावा लागला. हे प्रकरण येथेच संपले असे त्या काळी सर्वांना वाटले असणार. ते संपले नव्हते; पण त्याकडे पुढे येऊ.

दरम्यान टंकलेखनयंत्राने देवनागरीशी आपल्या परीने तडजोड केली होती. रेमिंग्टनच्या मांडणीत घ, भ, श, ध, ण यांसारखी अक्षरे पूर्ण नव्हतीच. त्यांची अर्धी रूपे कळांवर बसविलेली असत आणि त्यांस काना जोडला की अक्षर पुरे होई. वेलांटी आधी मारावयाची, अक्षर मग. रफार सर्वांत शेवटी. अक्षराचा उच्चार कसा होतो याच्याशी त्या मांडणीला कर्तव्य नव्हते, अक्षर दिसते कसे एवढेच तिला ठाऊक. महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर १९६४ च्या राजभाषा अधिनियमाने मराठी ही कारभाराची भाषा ठरली, आणि जी मांडणी आतापर्यंत थोड्यांच्या उपयोगाची होती ती एकाएकी हजारो तरुणांच्या भाकरीशी बांधली गेली. गोदरेजने १९५५ साली पहिले भारतीय बनावटीचे टंकलेखनयंत्र काढलेलेच होते. तालुक्याच्या प्रत्येक गावी ‘टायपिंग इन्स्टिट्यूट’ नावाची एक लांबट खोली निघाली. लिपिक-टंकलेखकाच्या जागेसाठी मिनिटाला मराठी तीस व इंग्रजी चाळीस शब्दांचे शासकीय प्रमाणपत्र आवश्यक झाले. आणि केळीच्या बागाईतदाराचा धाकटा मुलगा असो की शेतमजुराचा थोरला, भुसावळच्या रेल्वेत, वरणगावच्या दारूगोळा कारखान्यात किंवा कचेरीत चिकटावयाचे तर त्याने आधी त्या खोलीत बसून डोळे मिटून कळा बडवाव्या, हा या मुलखातील मध्यमवर्गीय वयात येण्याचा एक संस्कारच होऊन बसला.

माझ्या मते या काळाचे खरे वैशिष्ट्य वेगात नाही. बोरू तासणाऱ्या कारकुनाने आपल्या हत्याराचा कोन स्वतः ठरविला होता. टंकलेखकास आपले एकही अक्षर आपल्या सोयीच्या बोटाखाली नेता येत नव्हते. शोल्सच्या मिलवॉकीत किंवा कलकत्त्यात कोणीतरी एकदा जागा नेमून दिल्या आणि एदलाबादच्या पोराने त्या बोटांत मुरवून घेतल्या. त्याविरुद्ध तक्रार अशी कोणी केली नाही, कारण लोखंडापाशी तक्रार करता येते हेच कोणास ठाऊक नव्हते.

संगणकाने ही गोष्ट तत्त्वतः पालटली. संगणकाच्या कळफलकावरील कळ अक्षर उमटवीत नाही. अमुक क्रमांकाची कळ दाबली गेली एवढीच वर्दी ती आत देते, आणि त्या वर्दीचा अर्थ कोणता घ्यावयाचा हे आतील प्रणाली ठरविते. म्हणजे अक्षरांच्या जागा लोखंडातून सुटून कागदोपत्री आल्या. कानपूरच्या आय.आय.टी.त सुरू झालेले आणि १९८८ साली पुण्यास स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेत वाढलेले भारतीय लिपींविषयीचे संशोधन याच सुटकेवर उभे होते. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ साली ‘इनस्क्रिप्ट’ या नावाने सर्व भारतीय लिपींसाठी एकच मांडणी प्रमाण केली आणि १९९१ साली ती भारतीय मानकात समाविष्ट झाली. डाव्या हाताकडे स्वर, उजव्या हाताकडे व्यंजने. ज्या कळेवर क तिच्याचवर शिफ्टसह ख, ग बरोबर घ, त बरोबर थ, प बरोबर फ. पाणिनीस ज्या क्रमाचा अभिमान वाटावा तो वर्णक्रम बोटांखाली आला. आणि लखनौचा तो फसलेला ठरावही येथे चोरपावलांनी विजयी झाला: ‘कि’ लिहिताना आधी क दाबावयाचा, मग वेलांटी, पडद्यावर वेलांटी निमूटपणे आपल्या जुन्या जागी, डावीकडे, जाऊन बसते. लिपी लोकांच्या डोळ्यासाठी जशी होती तशी राहिली आणि हाताचा क्रम उच्चाराप्रमाणे झाला. राधाकृष्णन यांच्या परिषदेस जे पंडितांच्या बहुमताने साधले नाही ते एका निनावी नियमाने साधले, ही गोष्ट आपल्या लिपीच्या इतिहासलेखकांनी अद्याप पुरेशा ठळकपणे नोंदविलेली नाही असे मला वाटते.

पण कचेरीतील व्यवहार शास्त्राप्रमाणे चालत नसतो. ज्यांची बोटे रेमिंग्टनवर तयार झाली होती त्यांना ही नवी सुव्यवस्था म्हणजे उपद्रव वाटला, आणि छपाई-धंद्यासाठी निघालेल्या अनेक टंकसंचांनी जुनीच मांडणी आपापल्या खाजगी संकेतांनी चालू ठेवली. परिणाम असा की जळगावच्या छापखान्यात जुळविलेला मजकूर भुसावळच्या संगणकावर उघडला की अक्षरांऐवजी चित्रविचित्र चिन्हांची रांग दिसे. १९९१ साली पहिली आवृत्ती निघालेल्या युनिकोड या सामाईक अक्षरसंकेताने या गोंधळावर औषध दिले खरे. कचेऱ्यांनी ते घेण्यास पुढे दीड-दोन दशके घेतली.

त्याच १९९१ साली हेलसिंकी येथील विद्यार्थी लायनस टोरवाल्ड्स याने लिनक्सचे पहिले रूप जाहीर केले. कोण्या एकाच्या मालकीची नसलेली, कोणासही उघडून पाहता व बदलता येईल अशी ही प्रणाली मराठीत येण्यात मुंबई-पुण्याचा वाटा मोठा आहे. मुंबईच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्राने या शतकाच्या आरंभी ‘इंडिक्स’ हा प्रकल्प हाती घेऊन लिनक्सला भारतीय लिपी दाखविण्यास शिकविले, आणि त्यासाठी सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी घडविलेला ‘रघु’ हा टंक सर्वांस मुक्त करण्यात आला. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने घडविलेले ‘लोहित’ टंक रेड हॅट कंपनीने २००४ साली असेच खुले केले. मराठी वळणाचे ल आणि श पडद्यावर दिसावेत, हिंदीचे दिसू नयेत, यासाठीही पुढे कष्ट घेतले गेले. ज्यांनी शाळेत पाटीवर ल गिरविला आहे त्यांना त्या कष्टाची किंमत निराळी सांगावयास नको.

तालुक्याच्या गावी लिनक्स आले ते मात्र अशा हौशी मार्गाने फारसे नव्हे. सर्वोच्च न्यायालयाच्या ई-समितीने देशातील जिल्हा व तालुका न्यायालयांच्या संगणकीकरणासाठी मुक्त प्रणालीचे धोरण पत्करले, आणि उबुंटू लिनक्सवर चालणारी प्रकरण-नोंदणीची व्यवस्था न्यायालयांच्या मेजांवर आली. बोरूचा, मग टंकयंत्राचा, असा प्रवास केलेला न्यायालयीन कारकून एका सकाळी लिनक्ससमोर बसला, आणि तेही कोणी त्यास विचारून नव्हे. आता त्याचा मुलगा घरी जुन्या संगणकावर तीच प्रणाली घालतो, शेजारचा अर्जनवीस परवाना-खर्च वाचावा म्हणून तिच्याकडे वळतो, आणि दोघांपुढेही प्रश्न उभा राहतो तो कीबोर्ड व माऊस कोणता घ्यावा, आणि घ्यावयाचा तर बिनतारी का न घ्यावा.

तारेवाचून चालणाऱ्या वस्तूंशी आपल्या सरकारचे नाते पूर्वी संशयाचे होते. १९३३ च्या बिनतारी अधिनियमान्वये असे कोणतेही यंत्र परवान्यावाचून जवळ बाळगणे हा गुन्हा होता. घरातील रेडिओचासुद्धा दरसालचा परवाना टपालकचेरीत पैसे भरून नवा करून घ्यावा लागे, आणि त्याचे ते छोटे पुस्तक कित्येक जुन्या कपाटांतून अद्याप सापडते. जानेवारी २००५ मध्ये केंद्र सरकारने २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झ या पट्ट्यातील अल्पशक्तीच्या यंत्रांना परवान्यातून मुक्त केले. आज बाजारात मिळणारा जवळजवळ प्रत्येक बिनतारी कीबोर्ड याच पट्ट्यात बोलतो. माऊस हा तर त्यामानाने कालचा पाहुणा: डग्लस एंगलबार्टने डिसेंबर १९६८ मध्ये तो जगापुढे ठेवला, त्याचा पहिला नमुना लाकडी खोक्याचा होता, आणि रेडिओलहरींवर चालणारा माऊस स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेल्या लॉजिटेक कंपनीने १९९१ च्या सुमारास काढला. दप्तरखान्यातील खऱ्या उंदरांनी तारा कुरतडण्याचा उपद्रव त्यामुळे थांबला, एवढा लाभ निश्चित.

बिनतारी जोडणीचे दोन प्रकार आहेत. एकात नखाएवढा ग्राहक, ज्याला दुकानदार ‘डोंगल’ म्हणतो, संगणकाच्या यूएसबी खाचेत बसतो, दुसरा ब्लूटूथ. लिनक्स वापरणाऱ्याने, विशेषतः त्याचा संगणक मेजावरचा असेल तर, पहिला पत्करावा असे माझे स्पष्ट मत आहे. डोंगलचा कीबोर्ड लिनक्सला साध्या तारेच्या कीबोर्डासारखाच दिसतो, त्यासाठी निराळे सॉफ्टवेअर लागत नाही. ब्लूटूथ मात्र प्रणाली पूर्ण जागी झाल्यावर जागा होतो, म्हणून संगणक सुरू होतानाच तबकडीचा संकेतशब्द विचारला गेला तर तो द्यावयास हाताशी काहीच नसते. लॉजिटेकने २००९ साली एकाच ग्राहकावर सहा उपकरणे जोडण्याची सोय काढली, आणि त्यांची जोडणी व बॅटरी लिनक्सवरून पाहण्यासाठी ‘सोलार’ नावाचा मुक्त प्रोग्रॅम स्वयंसेवकांनी लिहिला. २०१६ साली काही बिनतारी डोंगलांत अशी उणीव उघडकीस आली की शंभर मीटरांवरून कोणी त्यांत खोट्या कळा घुसवू शकेल. दुरुस्त्या निघाल्या, तरी ज्याच्या संगणकावर लोकांचे दस्तऐवज असतात त्याने जुनाट किंवा निनावी बनावटीचा डोंगल टाळलेला बरा. डोंगल शक्यतो निळ्या, म्हणजे यूएसबी तीनच्या, खाचेशेजारी लावू नये. त्या खाचेचा विद्युत्-गोंगाट याच पट्ट्यात पडतो आणि माऊस अडखळू लागतो. खोक्यावरील जादा बटणे, रंगीत दिवे, खास आज्ञा यांचे सॉफ्टवेअर बहुधा विंडोजपुरतेच असते, तेव्हा त्यांचे पैसे मोजण्यात अर्थ नाही. किंमत मोजावयाची ती कळांच्या दर्जाची आणि उजव्या बाजूच्या ऑल्ट कळेची, कारण लिनक्सवर ₹ हे चिन्ह भारतीय इंग्रजी मांडणीत याच कळेबरोबर चार दाबून मिळते; खर्च कमी करावयाचा म्हणून किंवा आकार लहान ठेवावयाचा म्हणून पहिला बळी याच कळेचा जातो.

अक्षरांच्या जागांचे काय? देवनागरी छापलेला बिनतारी कीबोर्ड तालुक्याच्या बाजारात विरळाच. पण चिकटवावयाची अक्षरे मिळतात, आणि खरे पाहता दुकानातून जागा विकत घ्यावयाच्याच नसतात. लिनक्समध्ये त्या सर्व जागा एका साध्या मजकुराच्या फाइलीत लिहून ठेवलेल्या असतात. भारतापुरत्या फाइलीचे नाव नुसते ‘इन’. ती उघडून वाचता येते, आणि थोडे धैर्य असेल तर एखादे अक्षर एका कळेवरून दुसरीवर हलवताही येते. इनस्क्रिप्ट आहे, रोमन कळांवर उच्चारानुसार चालणारी कगप मांडणी आहे, रेमिंग्टनवर वाढलेल्या वडीलधाऱ्यांसाठी तीही मिळते. पिढ्यान्‌पिढ्या जो हक्क टंकलेखकाला नव्हता, बोरूवाल्याला मात्र होता, तो असा एका फाइलीत परत येऊन पडला आहे, आणि त्याची दाद घेणारे अजून थोडे आहेत.

कीबोर्ड घेताना दुकानातच एक छोटा अर्ज टंकून पाहावा. ‘तहसीलदार साहेब, मुक्ताईनगर यांच्या सेवेशी’ येथपर्यंत कोणताही कीबोर्ड चालेल. पुढे ‘अर्जदार शेतकऱ्याच्या’ असे लिहावे, आणि त्यातील ऱ हा शिफ्टसह र च्या कळेवर मिळतो का, त्यानंतर हलन्त व य दाबल्यावर ऱ्य नीट जुळतो का, ते पाहावे. ज्याच्या शिफ्टला दोन्ही हातांनी सारखे पोचता येत नाही तो कीबोर्ड तेथेच परत करावा. मग वकिलाच्या नावाआधीचा ‘ॲड.’ लिहावा. ॲ या चिन्हास युनिकोडात स्वतंत्र जागा २००८ साली मिळाली, आणि जुन्या मांडणीत त्याऐवजी हिंदीतला ऍ येतो. तसे झाले तर दोष कीबोर्डाचा नाही, दुकानदाराशी हुज्जत न घालता घरी येऊन मराठीची सुधारित इनस्क्रिप्ट मांडणी निवडावी. माऊस मात्र तेथेच, काचेच्या गल्ल्यावर नव्हे तर साध्या लाकडावर, फिरवून पाहावा.